चौकातलं राज्य

शिट्टी वाजली तेव्हा तिची सायकल झेब्रा पट्ट्या ओलांडून चौकाच्या मध्यावर पोचली होती. दिवा लाल होता. एका मोटारवाल्याने करकचून ब्रेक दाबला होता आणि एक आजीबाई छत्री उगारून तिला काहीबाही सुनावत होत्या. काय सुनावत होत्या ते तिने ऐकून घेतलं नाही. ते तिला पाठ होतं.

"या, अशा बाजूला या," हवालदारबाई म्हणाल्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने अंगातलं केशरी जॅकेट काढून तिच्या खांद्यावर टाकलं, 'थांबा' लिहिलेली पाटी तिच्या हातात दिली आणि सायकलवर टांग मारून तो पसार झाला. सुटलो, हे त्याच्या पाठीवरसुद्धा दिसत होतं.

सायकलवाल्यांना दंड करून उपयोग नाही, असं या बाईंचं ठाम मत होतं. दंड भरून माणूस पुढच्या चौकात पुन्हा तेच करतो. म्हणून त्यांनी आपल्या चौकापुरती एक पद्धत काढली होती. जो सायकलवाला सापडेल त्याने जॅकेट घालून कोपऱ्यावर उभं राहायचं आणि पुढचा पकडायचा. पुढचा सापडला की याची सुटका. आसपासचे दुकानदार सकाळी शटर वर करतानाच विचारायचे, "आज कुणावर राज्य?"

"बाई, आज नको हो. उद्या दिवसभर उभी राहते," ती काकुळतीला आली. "अकराला माझी परीक्षा आहे, नाटक कंपनीच्या कपडेपटात. एकदा दार बंद झालं की आत घेत नाहीत."

"मग लवकर कुणीतरी सापडू दे," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून म्हणाल्या.

दुसऱ्यांच्या पँटी आखूड करण्यात तिची उमेदीची वर्षं चालली होती. कपडेपटात राजांचे झगे बेतायचे होते, चेटकिणींचे घोळदार घागरे बेतायचे होते. तिथले जुने मास्तर निवृत्त झाले होते आणि जागा एकच होती. अशी संधी पुन्हा दारात येणार नव्हती.

एरवी या चौकात सिग्नल पाळणारा सायकलवाला शोधून सापडला नसता. पण केशरी जॅकेट लांबून दिसतं. ते दिसलं की सगळे एकजात साधुसंत. दूधवाला थांबला. कुरिअरवाला थांबला. एक जण तर सायकलवरून उतरून, ती हातात धरून, पादचाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, राज्य का?"

"हो."

"बसा मग," तो म्हणाला आणि निघून गेला.

लोकांनी चुकावं म्हणून ती जन्मात पहिल्यांदाच देवाला साकडं घालत होती. घड्याळाच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांत पावणेअकरा वाजले होते. नाटकगृह अजून दोन चौक लांब होतं.

आणि समोरच्या बाजूला, पांढऱ्या रेघेच्या बरोबर अलीकडे, सायकलवर तिचे सासरे येऊन थांबले.

एवढंच बाकी होतं. सासऱ्यांनी उभी हयात बस चालवली होती आणि त्या सगळ्या हयातीत एकदाही सिग्नल तोडला नव्हता. त्याबद्दल मिळालेलं मानचिन्ह जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. निर्मनुष्य रस्त्यावरही ते लाल दिव्याला पाय टेकून उभे राहायचे. स्वयंपाकघरात वळतानासुद्धा हात दाखवतील, असं सासूबाई म्हणायच्या. सकाळीच चहा पिताना ते तिला म्हणाले होते, "जिला रस्त्यावरची रेघ पाळता येत नाही, ती कापडावरची काय पाळणार?" ती दार आपटून निघाली होती.

आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. जॅकेटकडे पाहिलं. मग घड्याळांच्या दुकानाकडे पाहिलं.

दिवा हिरवा झाला. सगळे निघाले. सासरे जागचे हलले नाहीत. मागून हॉर्न वाजू लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे हात करून गाड्यांना बाजूने जायला सांगितलं. सुनेची फजिती त्यांना डोळे भरून बघायची असणार, असं तिला वाटलं आणि तिचे स्वतःचे डोळे भरून आले. तिला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. तिने तोंड फिरवलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा दिवा लाल झाला होता आणि रस्ता क्षणभर रिकामा होता. सासऱ्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग संथपणे पेडल मारत ते रेघ ओलांडून निघाले. कोपऱ्यापाशी वळताना त्यांनी रीतसर हात दाखवला आणि ते नेमके तिच्यापुढे येऊन थांबले.

"पाटी वर कर," ते म्हणाले.

तिने केली.

"अशी नव्हे, नीट. त्या बाईंना दिसली पाहिजे."

"बाबा, तुम्ही..."

"बोलत बसू नकोस. आण ते जॅकेट. आणि पुढच्या सिग्नलला थांब."

ती सायकलवर बसते न बसते तोच हवालदारबाई लगबगीने आल्या. "अहो आजोबा, या वयात शोभतं का हे? लाल दिवा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की," जॅकेटची बटणं लावत सासरे म्हणाले. "तो लाल व्हायचीच तर वाट बघत थांबलो होतो."