एक कमेंट कमी

कंपनीच्या पेजवर येणाऱ्या कमेंट आल्या आल्या गोळा करणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. पण रोज एक कमेंट कमी भरायची. पेजवरचा आकडा एकवीस, तर तिच्याकडे वीस. ज्या तयार कोडच्या लायब्ररीतून डेटा यायचा, तिच्या नावाने चार दिवस बोटं मोडून झाली.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने विचारलं, "लॉगिन कुणाचं दिलंयस?"

"माझंच."

"अगं, मग तू ज्यांना ब्लॉक केलंयस, त्यांचं प्रोग्रामलाही दिसणार नाही."

तिने त्याच्या मोबाइलवर पेज उघडलं. चारही दिवस, सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला, बाबांची तीच ओळ होती: "माझी लेक तुमच्याकडे कामाला आहे. बरी आहे ना ती?"