जाऊबाईंच्या आधी

कप्तानाने वाळूत झेंडा रोवला. "हा खंड मी शोधला!"

मासे वाळवणाऱ्या बाईला त्याने ते हातवारे करून नीट समजावलं. तिने मान डोलावली, पदराची चिंधी फाडली आणि त्याच्या मनगटाला बांधली.

गावचा रिवाजच तसा होता. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली वस्तू, जो पहिली चिंधी बांधेल त्याची. आजवर ओंडके, नारळ, सगळं तिच्या थोरल्या जावेनेच पटकावलं होतं.

जाऊ धापा टाकत आली. "अगं, ह्याला मी सकाळीच पाहिलं होतं!"

"पाहिलंत ना? मग बांधायची होती चिंधी, जाऊबाई."

जाऊबाईंनी सोबत आणलेली चिंधी मुठीत चुरगाळली.

"चल रे घरी," बाई कप्तानाला म्हणाली. "झेंडाही घे. आणि लांबच्या वाटेने चल, सगळं गाव बघू दे."