अठ्ठावीस डिग्री

साप आजही पाण्याच्या भांड्यातच पडून होता. पाचवा दिवस. विजयकुमार काचेच्या पेटीसमोर उकिडवा बसला आणि त्याने कपाळाला हात लावला.

साप त्याच्या साहेबाचा, गॅरीचा. लाल-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मिल्क स्नेक. नावात दूध, पण खाणार उंदीर. गॅरी सुट्टीवर स्कॉटलंडला गेला आणि जाताना पेटी शारजात, विजयकुमारच्या हॉलमध्ये आणून ठेवली. विजयकुमारच्या सात पिढ्यांत कुणी साप पाळला नव्हता. पण महिनाअखेर त्याचा व्हिसा संपत होता आणि रिन्यूअलच्या कागदावर सही लागायची गॅरीची. "आल्यावर बघू," एवढंच तो म्हणाला होता. त्या 'बघू'ने विजयकुमारची झोप उडवली होती. अशा माणसाला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पेटीवर गॅरीचा कागद होता. उजवी बाजू अठ्ठावीस डिग्री, डावी चोवीस. उजवीकडे तळाच्या काचेखाली विजेवर तापणारी चटई, तिला कमी-जास्त करायचं बटण. पेटी हलवताना खालचा थर्मामीटर निघाला होता. विजयकुमारने तो वरच्या कडेला, डोळ्यांसमोर चिकटवला. वाचायला बरा.

पण तो अठ्ठावीसला काही पोचेना. बाहेर शेहेचाळीस, घरात एसी वीसवर. मग विजयकुमार रोज बटण थोडं पुढे ढकलायचा. काटा तेवीसला अडलेला. त्याची बायको मंजुषा नाक दाबून फ्रीझरमधून, खवलेल्या नारळाशेजारचा उंदीर काढायची, त्याचा गारठा गेला की पेटीत ठेवायची आणि संध्याकाळी तसाच फेकून द्यायची.

"अहो, गॅरीला फोन करा ना," ती म्हणाली.

"काय सांगू? तुमचा साप मरायला टेकलाय? थंडी भरलीय त्याला, दुसरं काही नाही." त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि ऑफिसला निघाला.

त्या दिवशी नागपंचमी होती. व्हिजिट व्हिसावर आलेल्या त्याच्या आईने, कुंदाताईंनी, सकाळीच विळी आणि तवा दोन्ही उचलून ठेवले होते. आज चिरायचं नाही, भाजायचं नाही. मंजुषाने पुरणाचे दिंड उकडायला घेतले. पेटीला आईने स्वयंपाकघराच्या दारातूनच हात जोडले. जवळ जायची तिची छाती नव्हती.

संध्याकाळी दुबईहून येताना दोन तास ट्रॅफिकमध्ये विजयकुमार इंग्रजीत वाक्यं जुळवत होता. 'सर, आय ॲम व्हेरी सॉरी.' पुढचं वाक्य काही सुचेना.

घरी आला तर चटईचा प्लग काढलेला.

"हे कुणी केलं?"

"मी," आई दारातूनच म्हणाली. "सकाळी तू गेल्यागेल्या. आजच्या दिवशी नागाखाली तवा तापत ठेवायचा? मला नाही रे बघवलं. डोळे मिटून ओढली वायर."

"आई, तो तवा नाही, हीटर आहे. इथे माझ्या पोटावर पाय येतोय आणि तुला सणवार सुचताहेत." त्याचा आवाज फाटला. आईशी तो असा कधी बोलला नव्हता. त्याने प्लग खुपसला आणि झाकण उघडलं.

पाण्याच्या भांड्यात साप नव्हता. मग दिसलं. साप उजवीकडे, चटईच्या जागेवर, लांब पसरला होता. सकाळचा उंदीर जागेवर नव्हता आणि सापाच्या मधोमध फुगवटा होता.

विजयकुमार पेटीसमोर खाली बसला. मंजुषाने दिंडाची बशी आणली, ती हातातच राहिली. पाचेक मिनिटं तो नुसता बघत होता. जिवात जीव आला होता.

तेवढ्यात साप हलला. उजवी बाजू सोडून सरळ डावीकडे सरकला आणि पुन्हा पाण्यात जाऊन बसला.

विजयकुमारने वर बघितलं. वरच्या कडेचा थर्मामीटर, एसीच्या गार हवेत, तेवीसवरच होता. त्याने आत हात घालून, साप नुकता उठला होता तिथे तळवा टेकवला आणि चटका बसताच झटक्यात मागे घेतला.

त्याने प्लग काढला. एसी सव्वीसवर नेला. आई अजून दारातच उभी होती, पदर मुठीत धरून.

"आई," तळवा चोळत तो म्हणाला, "उद्यापण तवा नको."