सखींची ओळ

"इथं सूर खाली उतरलाच पाहिजे," ऑर्गनवरचे हात न उचलता बाबा लाडोकुन म्हणाले. "शेवट असाच होतो. मीच शिकवलंय तुला."

"आपल्या बोलीत सूर उतरला की 'ओको'चा अर्थच बदलतो, बाबा," इबिरोंके म्हणाली. "गाण्यातली आपली पोर निघालीय नवऱ्याच्या घरी. तुमच्या सुरात ती मोटारीच्या घरी जाऊन पोचेल."

गायकांच्या मागच्या रांगेतले, खर्जात गाणारे पुरुष फिसकन हसले. बाबा हसले नाहीत. ओयोच्या त्या चर्चमध्ये सगळेच त्यांना बाबा म्हणत; इबिरोंकेच्या जन्माआधीपासून ते ऑर्गन वाजवत होते. सासरी निघालेल्या नवरीचं निरोपाचं लोकगीत तिनं चार आवाजांत बांधलं, जोडीला बोलीचे चढउतार वाजवणारा बोलका ढोल घेतला, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं.

"शंभर वर्षं आपण स्तोत्रं अशीच गातोय. कुणी तक्रार केली?"

"शब्द कळले असते, तर केली असती."

बाबांनी ऑर्गनचं झाकण लावलं. "मग रविवारी माझ्याशिवाय गा."

"गाऊ," ती म्हणाली आणि ढोलवाल्याकडे वळली. "चला, पुन्हा पहिल्यापासून."

रविवारी चर्चमध्ये मातांचा सण होता. बायका एकाच छापाच्या कापडात, डोक्याला उंच फेटे बांधून आल्या होत्या. बाबा पहिल्या बाकावर बायकोशेजारी हाताची घडी घालून बसले.

गायकांसमोर उभ्या इबिरोंकेनं हात उचलले आणि गाणं सुरू झालं. चारही आवाज चढत गेले, ढोल त्यांच्यासोबत शब्दन् शब्द बोलत राहिला. नवरी आईचा निरोप घेते, तिथं आणि पुढच्या प्रत्येक निरोपाला इबिरोंकेनं एका ओळीची जागा मोकळी सोडली होती.

पहिल्याच जागेत एक म्हातारा आवाज उठला. चिरका, पण नेमका. बाबांची बायको आबेके गात होती.

"अगं, चर्च आहे हे!" बाबांनी तिची बाही ओढली.

"असू दे," ती आवाज न दाबता म्हणाली. "नवरीनं हाक दिली की सखींनी ओ द्यायची असते. मी तुमच्या घरी यायला निघाले, तेव्हा माझ्या सखींनी दिली होती."

बाबांनी बाही सोडली.

पुढची जागा आली तेव्हा चार बाकं गात उभी राहिली. त्यापुढच्या जागेला बाकं मोजायचं कारणच उरलं नाही.

इबिरोंके वळली. गायकांकडे पाठ करून तिनं लोकांकडे पाहिलं आणि दोन्ही हात उचलले.