डेगवेकरकाकांची रानमाशी

“तुझ्या मधमाश्या माझ्या माशीला आजारी पाडणार!” डेगवेकरकाका कुंपणावरून ओरडले. त्यांची माशी म्हणजे त्यांच्या खिडकीतल्या बांबूच्या नळीत एकटी राहणारी रानमाशी, मधमाशीचीच पोळं न बांधणारी बहीण. काकाही अविवाहित, एकटेच. दोघांचं छान जमायचं.

माझ्या मधपेट्यांत खरंच विषाणू शिरला होता. नव्या मधमाश्या चुरगळलेले पंख घेऊनच जन्मत होत्या.

“पण काका, तुमची माशी तर कुणाकडे जात-येत नाही.”

“जेवायला जाते ना! फुलं सगळ्यांची तीच. तुझ्या माश्या तिथं विषाणू सांडून येतात.”

काकांनी फुललेल्या तुळशीला मच्छरदाणी लावली आणि आपल्या माशीला आत जेवायला बोलावलं. ती आली नाही. काका दिवसभर आत एकटेच बसले.

मला ते बघवेना. संध्याकाळी मी तीच मच्छरदाणी मागून आणली, माझ्या पेट्यांवर टाकली आणि आजारी मंडळींना घरपोच साखरपाणी सुरू केलं.

पुढच्या महिन्यात काका आळीभर पेढे वाटत फिरले.

“तीन मुली झाल्या. पंख अगदी सरळ!”

अविवाहित माणसाला कुणीच काही विचारलं नाही. पेढे चांगले होते.