सुकाणूवरचा खलाशी

जन्मभर युद्धनौकांवर लिहिणाऱ्या पत्रकारबाईंनी नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मोहोळाला दगड मारला. खडकावर आपटून बुडालेल्या एका जुन्या नौकेबद्दल त्यांनी छापलं, की सुकाणूवरच्या खलाशाला डुलकी लागलेलीच नव्हती, चूक कप्तानाची होती.

दुसऱ्याच दिवशी नौदलातले एक निवृत्त अधिकारी संपादकांच्या केबिनमध्ये येऊन बसले.

"त्या कप्तानाला आम्ही दरवर्षी मानवंदना देतो," ते म्हणाले. "तुम्ही त्याचं नाव मातीत घातलंत."

"आणि तुम्ही इतकी वर्षं त्या खलाशाच्या माथी खापर फोडलंत," बाई म्हणाल्या. "मेलेला माणूस भांडायला येत नाही, म्हणून. भरदुपारी, लख्ख उन्हात त्याने नौका किनाऱ्याकडे वळवली, ती कप्तानाच्या हुकमावरून."

संपादकांनी माफीनामा पुढे सरकवला. "सही करा आणि मिटवा एकदाचं. कप्तानाच्या घरच्यांना काय वाटेल, याचा तरी विचार करा."

बाईंनी त्या कागदावर शांतपणे आपला चहाचा कप ठेवला.

"घरात बसून समुद्र कळत नाही, बाई," अधिकारी कडाडले. "तुम्ही होतात का तिथे?"



"होते. आठ वर्षांची होते. बाबा म्हणाले होते, दीपस्तंभापाशी उभी राहा, सुकाणूवाल्याला सांगून माझी नौका अगदी जवळ आणून दाखवतो."