बोधचिन्हातली होडी

"आंबा कुठंय?" नगराध्यक्षांनी विचारलं आणि मुग्धानं पेन्सिल टेबलावर आपटली.

नगरपालिकेच्या बोधचिन्हासाठी तिनं आधी फक्त समुद्र आणि शिडाची होडी काढली होती. मग कुणाला किल्ला हवासा वाटला, कुणाला नारळ. मासा काढला तर शाकाहारी सभासद रुसले, खोडला तर कोळीवाडा भांडायला आला.

"अहो, हे शहराचं चिन्ह आहे, बाजाराची पिशवी नव्हे!" ती म्हणाली. पण काम हातचं जायला नको, म्हणून तिनं आंबाही कोंबला. सगळ्यांनी मंजुरीसाठी एकदाचे हात वर केले. फक्त कोळीवाड्याच्या नगरसेविका जयवंती तांडेल तशाच बसून राहिल्या.

मुग्धानं कपाळाला हात लावला. "आता तुमचं काय राहिलं, ताई?"

"होडीत माणूस नाही."

"माणूस कशाला हवा? होडी म्हणजे शहराची भरभराट. प्रतीक असतं ते!"

"असेल, बाय. पण वादळानंतर आमची होडी अशीच एकटी किनाऱ्याला लागली होती. नवरा नव्हता तिच्यात. आता हे चिन्ह इथल्या दारावर लागणार. रोज आत येताना मी हेच बघू?"

मुग्धानं कागद पुढे ओढला आणि सुकाणूपाशी एक माणूस काढला.

जयवंती खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आल्या. त्या चित्रावर वाकल्या.

"त्याचं तोंड किनाऱ्याकडे कर," त्या हळूच म्हणाल्या. "घरी येऊ दे त्याला."